कामाचा दिवस आणि संसाराची कथा

मराठी कथा-कादंबरीने विवाहाच्या प्रश्नाचा जितका ऊहापोह केला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाचा क्वचितच केला असेल. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून (१८५७) आरंभ केला तर विधवेचे दुःख, बालिकेचा वृद्धाशी लावलेला विवाह, हुंडा, जात, पत्रिका, शिकलेल्या मुलीला योग्य वर न मिळणे, वर मिळाला तर घर न मिळणे, अशा अडचणींची एक दीर्घ मालिकाच या वाङ्मयात उभी असलेली दिसते. प्रत्येक पिढीच्या लेखकाने या मालिकेत आपल्या काळाची एखादी अडचण जोडली. मात्र एका अडचणीला या मालिकेत जवळजवळ स्थान मिळालेले नाही. माणसाचा कामाचा दिवस किती तासांचा आहे, आणि तो संपल्यावर लग्न ठरविण्यासाठी, संसार करण्यासाठी, मूल जन्माला घालून वाढविण्यासाठी त्याच्या हाती नेमके काय उरते, हा प्रश्न मराठी कथेच्या कडेकडेने वावरतो. कथेच्या मध्यभागी तो क्वचितच येतो.

याचे कारण शोधू लागले की प्रथम ध्यानात येते ती गोष्ट अशी की, या अडचणीला चेहरा नाही. हुंड्याच्या मागे वराचा बाप असतो, जातीच्या मागे भावकी असते, पत्रिकेच्या मागे जोशी असतो. कथाकाराला या सर्वांना बोलते करता येते, त्यांच्याशी नायक-नायिकेचा सामना घडवून आणता येतो. बारा तासांच्या कामाला असा प्रतिनिधी नसतो. कारखान्याचा मालक किंवा कचेरीतील साहेब कोणाचे लग्न मोडत नाही. तो फक्त संध्याकाळी साडेसात वाजता एक कागद पुढे सरकवतो. अशा कागदातून प्रसंग निर्माण होत नाही.

दुसरे कारण याहून खोल आहे व ते वाङ्मयाच्या घाटाशी निगडित आहे. विवाह आणि अपत्य यांविषयीची कथा ही बहुधा निर्णयाची कथा असते. नायिका होकार देते किंवा नाकारते. पती-पत्नी मूल हवे की नको यावर भांडतात, समजुतीला येतात किंवा दुरावतात. निर्णयाला क्षण असतो, आणि क्षण हाती लागला की कथाकाराचे अर्धे काम झालेले असते. दीर्घ तासांच्या कामाने आयुष्यावर होणारा परिणाम मात्र निर्णयाच्या रूपाने प्रकट होतच नाही. तो प्रकट होतो लांबणीच्या रूपाने. या वर्षी बढती आहे, पुढच्या वर्षी पाहू. ही पाळी बदलली की गावी जाऊन लग्नाचे बोलू. धाकट्याचे शिक्षण संपू दे. असे म्हणता म्हणता एक दिवस असा येतो की, ज्याविषयी ठरवायचे होते ते ठरून गेलेले असते, आणि ते कोणी व केव्हा ठरविले हे कोणालाच सांगता येत नाही. न घेतलेल्या निर्णयाची ही कथा सांगायला वेगळा घाट लागतो. ज्या थोड्या कृतींना तो सापडला त्यांचे वाङ्मयीन महत्त्व त्यामुळेच आहे. आणि ज्यांना तो सापडला नाही त्यांनी तासांऐवजी पैसा, तासांऐवजी जागा, तासांऐवजी दुष्ट सासू यांना पुढे केले.

वाङ्मयाला असा समाजशास्त्रीय प्रश्न विचारणेच गैर आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. कलाकृतीने कामगार-कायद्याची कलमे सांगावीत अशी अपेक्षा अर्थातच कोणी करणार नाही. परंतु काळ हे कादंबरीचे उपादान आहे. पात्राच्या दिवसाचा कोणता भाग दाखवावा व कोणता गाळावा हे ठरविल्यावाचून कादंबरीचे एक प्रकरणही लिहिता येत नाही. मराठी कादंबरीने दिवसाचा जो भाग सातत्याने गाळला तो नेमका कामाचा आहे. तिची माणसे संध्याकाळी, रविवारी आणि सुटीत जगतात. गाळलेल्या भागाने दाखविलेल्या भागाचे काय केले, हा प्रश्न म्हणूनच घाटाचा आहे आणि समीक्षेच्या अधिकारातील आहे.

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. १८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने प्रौढ पुरुषाच्या तासांना हातच लावला नव्हता. रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० मध्ये. विजेचे दिवे गिरण्यांत आले आणि सूर्यास्ताने घातलेली मर्यादाही गेली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी १२ तासांची, १९२२च्या कायद्याने दिवसाला ११ व आठवड्याला ६० तासांची, १९३४च्या कायद्याने ५४ तासांची मर्यादा आली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने जगासाठी ४८ तासांचा आठवडा ठरविला तेव्हा हिंदुस्थानसाठी ६० तासांचे वेगळे माप राखून ठेवले होते. ते ४८ तास येथे यायला १९४६ उजाडले. या आकड्यांचा संसाराशी संबंध काय, असे वाटेल. संबंध असा की, एवढ्या तासांची नोकरी करणाऱ्या माणसाचे जेवण दुसऱ्या कोणीतरी रांधावे लागते, आणि कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या चाकरमान्यासाठी ते त्याची पत्नी रांधीत नव्हती. ती गावी होती. मुंबईत खाणावळवाली होती, एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे गाववाले होते. एकाची रातपाळी सुटली की तो दुसऱ्याच्या उबदार वळकटीवर पडे. लग्न झालेले असे, मुले होत असत, परंतु संसार शिमग्याला व गणपतीला दोन-दोन आठवडे चाले आणि उरलेले वर्षभर मनीऑर्डरीने.

या जीवनाला मराठीत सर्वांत समर्थ शब्द दिला तो कादंबरीने नव्हे, तर अण्णाभाऊ साठे यांच्या छक्कडीने. गावी राहिलेल्या मैनेची आठवण काढणाऱ्या त्या मुंबईतील माणसाचे गाणे सर्वांच्या परिचयाचे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते गाइले गेले, आणि रचनेच्या उत्तरार्धातच तो अर्थ असल्यामुळे मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख हे रूपक रूढ झाले. रूपक खोटे नाही. पण ते इतके प्रभावी ठरले की, मैना ही आधी एक बाई आहे, तिचा नवरा पोटासाठी मुंबईला गेला आहे आणि त्याला परत यायला सुटी नाही, हा साधा वाच्यार्थ टीकेच्या नजरेतून निसटला. रूपकाला जिवंतपणा आला आहे तो या वाच्यार्थामुळे. गिरणगावातील हजारो श्रोत्यांना तो ताटातुटीचा अनुभव आधीपासून ठाऊक नसता, तर मुलखाची ताटातूट त्यांना इतकी भिडली नसती.

त्या मैनेची बाजू पाहायची तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी लाखाहून अधिक ओव्या संगृहीत केल्या आहेत. ओवी ही पहाटेच्या कामाच्या तासातच जन्मते. श्रम आणि गाणे यांचा काळ तिथे एकच असतो. शिष्ट वाङ्मयाला हे भाग्य लाभले नाही. ते काम संपल्यावर लिहिले जाते आणि काम संपल्यावर वाचले जाते.

मुंबईच्या मराठी वाङ्मयाने कोणता प्रश्न मनःपूर्वक पाहिला असे विचारले, तर उत्तर एकच येईल: जागेचा. चाळ, बिऱ्हाड, पागडी, गच्ची, पडदा टाकून केलेली दांपत्याची खोली हा त्या वाङ्मयाचा भूगोल आहे. भाऊ पाध्ये यांच्या 'वैतागवाडी'त घरासाठीची वणवण आहे. 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटात नवविवाहितांना चाळीच्या खोलीत एकांत नाही. जागा दिसते, मोजता येते आणि तिच्यावर विनोदही करता येतो. पण सहज विचारावेसे वाटते की, त्या नवविवाहितांना दोन खोल्या मिळाल्या असत्या तर त्या दोघांनी एकत्र घालवायचा वेळ कोठून आणला असता? पहिली लोकल आणि शेवटची लोकल यांच्यामधला दिवस कोणाचा होता? हा प्रश्न त्या वाङ्मयाने स्वतःला विचारला नाही. नारायण सुर्वे यांच्या कवितेत मात्र तो आहे. कारखान्याचे आयुष्य जगलेल्या या कवीने आयुष्याची मोजदाद दिवसांनी केली, आणि त्यातले किती दिवस कशापायी गेले याचा हिशेब मांडला. प्रेयसी, पत्नी आणि मूल त्या हिशेबाच्या आतच येतात, हिशेबाबाहेरचा विसावा म्हणून येत नाहीत.

परंतु या विषयाचे मराठीतील खरे आरंभस्थान गिरणगावात नाही. ते पुण्याच्या मध्यमवर्गात आहे. विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा जो गदारोळ झाला तो दोन गोष्टींवरून: लेखिका कोण, आणि एका स्त्रीने स्त्रीच्या वासनेविषयी असे लिहावे काय. मालतीबाई बेडेकर यांचे नाव पुढे उघड झाले आणि नीतीचा वादही कालांतराने शमला. या दोन प्रश्नांच्या गलबल्यात संग्रहातील तिसरा व अधिक कठीण विषय दुर्लक्षित राहिला. या कथांतील अनेक मुली शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत, आणि त्यांचे मिळवते असणे हेच त्यांच्या लग्नाच्या आड आलेले आहे. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेच्या नावातच सारे आहे. वडिलांचा संसार चालू आहे, वाढतो आहे. आणि त्या संसाराला लागणारे श्रम मुलगी पुरवीत आहे. तिचे लग्न कोणी नाकारलेले नाही. उलट ते व्हावे असे प्रत्येकजण म्हणतो. फक्त या वर्षी नको.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शिक्षिकेचा दिवस गिरणीतील दिवसासारखा बारा तासांचा नव्हता. घड्याळाचे तास मोजले तर या मुलींचे काम फार म्हणता येणार नाही. पण कामाच्या तासांचा प्रश्न हा केवळ लांबीचा प्रश्न नसून स्वामित्वाचाही आहे. शाळेतील तास वेतनाच्या रूपाने बाबांच्या घरी जातात, घरातील तास धाकट्या भावंडांकडे जातात, आणि मुलीच्या मालकीचा म्हणून जो तास उरतो तो रात्रीचा, उशीवरचा असतो. संग्रहातील निःश्वास याच तासाचे आहेत. शीर्षकाकडे या दृष्टीने पाहिले तर त्यात दोन घड्याळे एकदम चालताना आढळतात. कळीला मुदत असते. ती उमलली नाही तर सुकते. निःश्वासाला मुदत नसते, तो कितीही वेळा टाकता येतो. निर्णय म्हणजे कृती, निःश्वास म्हणजे कृतीच्या जागी आलेला श्वास. न घेतलेल्या निर्णयाला अनुरूप असा घाट मराठीत प्रथम सापडला तो येथे, आणि तो सापडला म्हणूनच या कथा प्रसंगांच्या दृष्टीने इतक्या रोडावलेल्या आहेत. त्यांत 'घडत काही नाही' असे कोणी म्हटले तर तो त्यांचा दोष ठरत नाही.

त्यानंतरच्या वर्षीच आलेल्या 'हिंदोळ्यावर' (१९३४) या कादंबरीशी तुलना केली म्हणजे ही गोष्ट अधिक ठसते. तेथे नायिका अचला निर्णय घेते. पतीने टाकलेल्या स्त्रीने विवाहाबाहेर प्रेम आणि मातृत्व यांचा हक्क मागावा, हा त्या काळी केवढा धाडसी निर्णय! कादंबरी धीट आहे, गाजलीही तशीच. तरी ती धीट आहे ती विचाराच्या पातळीवर. लेखिकेची कलादृष्टी आधीच्या लहान कथांतच अधिक सूक्ष्म आहे. धैर्याने सुटणारे प्रश्न कादंबरीकाराला आवडतात. धैर्य दाखवायला वेळच न मिळणारी माणसे त्याला अडचणीत टाकतात.

मिळवत्या मुलीची ही आकृती पुढे मराठीपेक्षा बंगालीत अधिक जोमाने वाढली. फाळणीनंतर कलकत्त्याच्या निर्वासित वसाहतींत घरातल्या मोठ्या मुलीने नोकरी करणे अटळ झाले, आणि शक्तिपद राजगुरू यांच्या कथेवरून ऋत्विक घटक यांनी १९६० मध्ये 'मेघे ढाका तारा' केला. त्यातील नीता कोणाला नकार देत नाही. ती आपल्या प्रियकराला थांबायला सांगते. भाऊ गाणे शिकतो आहे, धाकट्यांचे शिक्षण आहे, वडील थकले आहेत. तिने अभ्यास सोडून पूर्ण वेळ नोकरी धरली आहे. तो थांबत नाही व तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न करतो. याला विश्वासघाताची कथा म्हणून वाचणे सोपे आहे, आणि घटकांच्या अतिनाट्यात्मक शैलीने त्या वाचनाला खतपाणीही घातले आहे. परंतु चित्रपटातील खरी क्रूरता बहीण किंवा प्रियकर यांच्या ठिकाणी नाही. नीताचे 'थांब' हे एकच वाक्य कुटुंबातील प्रत्येकाला सोयीचे असते, तिच्या आईला तर सर्वांत अधिक, आणि ते कोणीही मोठ्याने म्हणत नाही, ही ती क्रूरता होय. शेवटी क्षय होतो. क्षय हा जुन्या कथेचा आवडता रोग. पण येथे तो कामाच्या दिवसाचाच शारीरिक हिशेब होऊन येतो.

नरेंद्रनाथ मित्र यांच्या 'अवतरणिका' या कथेवरून सत्यजित राय यांनी केलेला 'महानगर' (१९६३) याच्या अगदी उलट प्रकृतीचा. आरती विवाहित आहे, तिला एक मुलगा आहे, आणि ती विणकामाची यंत्रे घरोघर विकायची नोकरी धरते. राय यांचा संयम, त्यांचा विनोद, सासऱ्याच्या रुसण्यातले बारकावे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे फक्त एवढेच नोंदवायचे की, 'महानगरा'त मूल आधीच जन्मलेले आहे. घराबाहेर गेलेल्या आईमुळे त्या मुलाचे काय होते हे राय दाखवितात. दुसरे मूल होईल का, व्हावे का, हा प्रश्न त्या घरात उच्चारलाही जात नाही. तो काळच असा होता की, मूल हे गृहीत होते आणि नोकरी हा निर्णय होता. आजच्या महानगरांत नोकरी गृहीत आहे आणि मूल हा निर्णय झाला आहे. साठ वर्षांत गृहीत आणि निर्णय यांनी जागा बदलल्या. परंतु आजच्याही बऱ्याच मराठी कथा या प्रश्नाकडे 'महानगर'च्या काळच्याच चौकटीतून पाहतात.

याच ठिकाणी एका रास्त शंकेचा विचार करायला हवा. गिरणीत बारा तास राबणाऱ्यांना मुले होत नव्हती काय? होत होती, पुष्कळ होत होती. मग दीर्घ तासांचा अपत्यसंख्येशी संबंध कसा जोडायचा? संबंध सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. मूल होणे हा विवेकाचा विषय होण्यापूर्वी तासांचा परिणाम त्याच्या जन्मावर नव्हे, तर त्याच्या संगोपनावर व आईच्या शरीरावर होत असे. गावच्या घरी आजी होती, थोरली मुलगी होती. संगोपनाचे तास त्यांच्या खात्यावर पडत आणि ते कोणी मोजीत नसे. मुंबईत ज्या स्त्रिया स्वतः गिरणीत जात त्यांच्यासाठी १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभाचा कायदा झाला, देशातील पहिलाच. स्त्रियांना रातपाळी कायद्याने बंद होती. या संरक्षणांचा आणि नव्या यंत्रांचा एकत्रित परिणाम असा झाला की, पुढच्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाणच घटत गेले. तास कमी करण्याऐवजी बाई कमी करण्यात आली. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा'त गिरणीचे जग कादंबरीत आणले खरे. परंतु धोटा थांबला तेव्हा घरी परतलेल्या त्या स्त्रियांची कथा कोणी सांगितली नाही. पुढे १९८२च्या संपाने गिरण्यांचा काळच संपला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात त्या संपानंतरचे घर आहे. येथे तास अतोनात आहेत आणि काम नाही. तरी तरुणांची आयुष्ये तशीच टांगलेली राहतात. भोंग्याने बांधलेला वेळ आणि भोंगा बंद पडल्यावर सुटलेला वेळ, दोन्हींतून संसार उभा राहत नाही, हे त्या नाटकाने जितक्या निष्ठुरपणे दाखविले तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

मूल हा निर्णय झालेल्या जगाचे वाङ्मय कसे असते हे पाहायचे तर आज दक्षिण कोरियाकडे पाहावे लागते. त्या देशात एका स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण २०२३ मध्ये ०.७२ इतके खाली आले; २०२४ मध्ये ते किंचित वाढून ०.७५ झाले. कामाच्या तासांच्या बाबतीत तो देश दीर्घकाळ प्रगत राष्ट्रांत आघाडीवर होता. २०१८ मध्ये आठवड्याची कमाल मर्यादा ६८ वरून ५२ तासांवर आणण्यास आरंभ झाला. २०२३ च्या मार्चमध्ये सरकारने आठवड्याला ६९ तासांपर्यंत मुभा देण्याची योजना मांडली आणि तरुण नोकरदारांच्या विरोधामुळे तिला मागे घ्यावे लागले. चो नाम-जू यांची 'किम जी-यंग, जन्म १९८२' ही छोटेखानी कादंबरी या दोन तारखांच्या आधीची, २०१६ची. तिच्या प्रती दहा लाखांहून अधिक खपल्या, अनेक भाषांत ती गेली, आणि कोरियात तिच्यावरून स्त्री-पुरुषांत जे वाद झाले ते 'कळ्यांच्या निःश्वासां'च्या वादाची आठवण करून देणारे आहेत.

या कादंबरीत खलनायक नाही. जी-यंगचा नवरा सहृदय आहे. तो एका संगणक-कंपनीत आहे व बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतो, शनिवार-रविवारातला एक दिवसही कामावर जातो. मूल व्हावे की नाही याची चर्चा पती-पत्नीत होते. नवरा 'मी मदत करीन' असे म्हणतो. हे वाक्य प्रामाणिक आहे, आणि त्याचा प्रामाणिकपणा हेच त्याचे दुर्दैव होय; कारण मदत करायला जे तास लागतात ते त्याने आधीच दुसऱ्याला विकलेले आहेत. जी-यंग नोकरी सोडते. त्यांचे तास वाटून घेता येत नाहीत, म्हणून त्या दोघांपैकी एकाला आपले सर्व तास द्यावे लागतात, आणि कोणी द्यावेत हे समाजाने पूर्वीच ठरवून ठेवलेले असते. पुढे जी-यंग दुसऱ्या स्त्रियांच्या आवाजात बोलू लागते. तिचे मानसिक अस्वास्थ्य हा कथेचा प्रारंभ आहे, शेवट नव्हे.

तंत्राच्या दृष्टीने या कादंबरीतील सर्वांत वादग्रस्त गोष्ट म्हणजे तिच्यात ठिकठिकाणी दिलेली आकडेवारी. वेतनातील तफावत, स्त्रियांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण, यांचे आकडे आधारांसह कथनाच्या मधोमध येतात. कलात्मकतेच्या रूढ कल्पनेप्रमाणे हा रसभंगच. काही समीक्षकांनी तसे म्हटलेही. परंतु कादंबरीचा निवेदक कोण हे शेवटी उघड होते तेव्हा या आकड्यांचा अर्थ बदलतो. निवेदक हा जी-यंगवर उपचार करणारा पुरुष मानसोपचारतज्ज्ञ आहे. ही सारी कथा म्हणजे त्याची रुग्णनोंद आहे. त्याला सर्व समजले आहे, आकडे पाठ आहेत, स्वतःच्या बुद्धिमान पत्नीने मुलासाठी आपले काम सोडले याची खंतही आहे. आणि तरी शेवटच्या पानावर, त्याच्या दवाखान्यातील एक कर्मचारी स्त्री गरोदरपणामुळे नोकरी सोडून जात असताना, तो मनाशी ठरवितो की तिच्या जागी अविवाहित स्त्री शोधावी. आकडे जाणल्याने काहीही बदललेले नाही. निवेदनाची कोरडी, नोंदवहीसारखी भाषा अपुऱ्या कलेची खूण नाही. ती ज्याच्या हाती नोंदवही आहे त्याचे चित्र आहे. न घेतलेल्या निर्णयासाठी विभावरी शिरूरकरांनी निःश्वास शोधला, चो नाम-जू यांनी अहवाल शोधला. दोघींनीही प्रसंगप्रधान कादंबरीचा मोह टाळला, हे त्यांच्यातील साम्य विलक्षण आहे.

मात्र जी-यंगमध्ये एक उणीव राहते. तिची नायिका मुद्दाम सर्वसामान्य केलेली आहे. कोरियात सर्वाधिक आढळणाऱ्या नावांपैकी एक नाव तिला दिले आहे. सर्वसामान्य होण्याच्या भरात तिच्या इच्छेचा विशिष्ट रंग फिका पडतो. 'कळ्यांच्या निःश्वासां'तील मुलगी काय गमावते आहे हे तिच्या शरीराच्या व मनाच्या तपशिलांतून जाणवते. जी-यंग काय गमावते आहे ते वाचकाला कळते, पण तितके जाणवत नाही.

मराठीच्या प्रदेशात हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील एका स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.७ होते, साऱ्या देशाचे २.०. २०२३ मध्ये एका ख्यातनाम उद्योजकाने तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे उद्गार प्रसिद्ध झाले, आणि त्यांत रविवारी घरी बसून माणूस पत्नीकडे किती वेळ पाहत बसणार, अशा आशयाचा प्रश्न होता. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास संमती दिली, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून. त्या अध्यक्षांच्या उद्गारावर देशभर विनोद झाले. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र त्या वाक्याची रचना पाहावी. त्यात घर म्हणजे पाहत बसण्याची जागा आहे; तेथे करायचे काही काम नाही, वाढवायचे कोणी नाही. कामाचा तास हाच काय तो भरलेला, घरचा तास रिकामा. मराठी कादंबरीने कामाचा तास गाळून घरचा तास दाखविला, या वाक्याने घरचा तास गाळून कामाचा दाखविला. दोन्हीकडे एकाच दिवसाचे दोन तुकडे केलेले आहेत, व ते एकमेकांना कसे खातात हे कोठेच दिसत नाही.

हिंजवडी किंवा बंगळूर येथील मराठी जोडप्याची कथा आता नियतकालिकांतून वारंवार येते. तिच्यात परदेशच्या वेळेप्रमाणे रात्री चालणाऱ्या बैठका असतात, वंध्यत्वावरील उपचारांच्या दवाखान्यातील बाके असतात, गावाकडून फोन करणारी आई असते. सामग्री विपुल आहे. तरी या कथा बहुधा एका रात्रीच्या भांडणाकडे धाव घेतात, आणि भांडणात कोणा एकाचा स्वार्थ उघडा पाडून मोकळ्या होतात. ज्या जोडप्याला भांडायलाही शनिवारपर्यंत थांबावे लागते, त्याची कथा भांडणात मावत नाही.

या कथांत आणखी एक व्यक्ती असते व ती बहुधा एका वाक्यापुरती येते: मूल सांभाळणारी किंवा स्वयंपाक करणारी बाई. जोडप्याला मूल होऊ शकते ते तिचे तास विकत घेतल्यामुळे. तिच्या तासांना कोणताही फॅक्टरी कायदा कधी लागू नव्हता. तिचे स्वतःचे मूल त्या वेळी कोठे असते, हे कथा विचारीत नाही. भारतीय वाङ्मयात याचे उत्तर आले ते अशाच एका बाईकडून. वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालेली, पुढे नवऱ्याला सोडून मुलांसह दिल्लीकडे आलेली बेबी हालदार गुडगावात प्राध्यापक प्रबोध कुमार यांच्या घरी काम करीत असताना बंगालीत लिहू लागली. 'आलो आँधारि' हे तिचे आत्मकथन त्यांनीच केलेल्या हिंदी अनुवादातून २००२ मध्ये प्रथम पुस्तकरूपाने आले. लग्न, एकामागून एक झालेली मुले, दुसऱ्याच्या घरचा दिवस, या सगळ्याला तेथे 'निर्णय' असे नाव नाही. वाक्ये लहान आहेत, प्रकरणांना डौल नाही, आणि मधूनच लेखिका स्वतःविषयी 'मी'ऐवजी 'बेबी' असे तृतीय पुरुषात लिहू लागते. दिवसभर दुसऱ्याच्या वेळेत वावरणारे माणूस रात्री स्वतःकडे वळते तेव्हा 'मी' हा शब्द त्याला लगेच सापडत नाही. भांडी विसळून झाल्यावर लिहिलेल्या त्या पानांवर तो अधूनमधून येतो आणि पुन्हा जातो.